जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडताना: वीज, वायर आणि टीव्हीचा मेनू

"लाल लाईट लागती, पण टीव्हीवर काहीच येईना." माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम खाली काढला की परभणीपासून उमरग्यापर्यंत कुठल्याही घरात पहिलं वाक्य हेच ऐकू येतं. दुसरं लगेच येतं: "जाऊ द्या, खराब झालाय." माझं सांगणं एवढंच आहे, की लाईट लागत असेल तर गेमला इतक्यात खराब ठरवू नका. ज्या डब्बा टीव्हीसाठी तो बनला होता तो टीव्ही घरातून गेलेला असतो. मूळ एलिमिनेटर, म्हणजे गेमला वीज देणारा अडॅप्टर, हरवलेला असतो आणि त्याच्या जागी वायफायच्या डब्याचा अडॅप्टर लावलेला असतो. टीव्हीच्या मागे गेमची पिन जिथं लागायची तिथं आता सेट-टॉप बॉक्सची पिन असते. बिघाड बहुधा या मधल्या जोडणीत सापडतो, गेममध्ये नाही. म्हणून एका क्रमानं जायचं: आधी वीज, मग वायर, मग टीव्हीचा मेनू. क्रम मोडला की चुकलं कुठं ते कळत नाही.

हातातला गेम कोणता आहे?

आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त सापडतो तो कॅसेटवाला गेम. निन्टेन्डोनं १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम नावाचा गेम काढला. त्याच्या नकला पुढं जगभर विकल्या गेल्या आणि नव्वदच्या दशकात समुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्या बाजारातही आल्या. मारिओ आणि कॉन्ट्रा बहुतेकांनी यांच्यावरच खेळला. त्याची कॅसेट साठ पिनांची असते. दुसरा प्रकार सोनीचा: पहिला प्लेस्टेशन १९९४ चा, प्लेस्टेशन २ हा २००० चा. हे सीडी आणि डीव्हीडीवर चालतात. सेगाचे गेमही कुणाकडे असतात. त्यांची जोडणी कॅसेटवाल्यासारखीच, फक्त वीज वेगळी. खालचं बहुतेक सगळं कॅसेटवाल्या गेमबद्दल आहे, कारण अडतं जास्त तिथंच. प्लेस्टेशनसाठी वेगळा भाग पुढं आहे.

वीज: इथं घाई केली तर गेम खरंच जातो

अडॅप्टर लावण्याआधी त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचा. तीन गोष्टी बघायच्या: व्होल्ट किती, मिलिअँपिअर किती आणि पिनच्या मध्यभागी प्लस आहे की मायनस. ही तिसरी गोष्ट चिन्हात दाखवलेली असते: मध्ये एक टिंब, भोवती अर्धगोल, आणि दोन्हींना रेघ ओढून प्लस-मायनस लिहिलेलं. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअर डीसी लागतं आणि पिनच्या मध्यभागी मायनस असतो. त्याच्या अनेक नकला ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यातही मध्यभागी मायनसच असतो. वायफाय राउटरचे ९ व्होल्टचे अडॅप्टर मात्र बहुतेक मध्यभागी प्लसवाले असतात. पिन तंतोतंत बसते, म्हणून माणूस बिनधास्त लावतो, आणि आत उलटी वीज जाते. गेमच्या अंगावर, अडॅप्टरच्या भोकाजवळ, हेच चिन्ह छापलेलं असतं. दोन्हीकडची चिन्हं जुळली तरच पिन आत घाला. गेमवरचं चिन्ह पुसलं असेल तर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. तो पाठ उघडून मीटरनं पाच मिनिटांत सांगेल.

मिलिअँपिअर जास्त असलेला अडॅप्टर चालतो, कारण गेम त्याला हवी तेवढीच वीज ओढतो. व्होल्ट मात्र जास्त चालत नाहीत. या गेमच्या आत ७८०५ नावाचा एक छोटा रेग्युलेटर असतो. बाहेरून आलेल्या विजेतून तो आतल्या चिपांसाठी बरोबर ५ व्होल्ट बनवतो आणि उरलेली वीज उष्णतेत घालवतो. १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर गेम सुरू होतो, पण हा रेग्युलेटर तापत राहतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, त्याला तेवढं तापणं झेपत नाही.

आता गावातला खास प्रश्न. गेम दिवसा चांगला चालतो आणि संध्याकाळी सारखा पहिल्यापासून सुरू होतो. पोरं म्हणतात कॅसेट हलली. कॅसेट हललेली नसते, व्होल्टेज पडलेलं असतं. जुना जड एलिमिनेटर म्हणजे आत साधा ट्रान्सफॉर्मर. घरात २३० व्होल्ट असतील तर तो ९ देतो. घरातच १६० आले तर तो सहा-साडेसहाच देतो. ७८०५ ला नीट काम करायला आत साधारण ७ व्होल्ट तरी हवेत. तेवढे मिळाले नाहीत की चिप अडखळते आणि गेम परत पहिल्या स्क्रीनवर येतो. कूलर सुरू होताना एक झटका बसतो तेव्हाही हेच होतं, विशेषतः कूलर आणि गेम एकाच एक्स्टेंशनवर असतील तर. यावर उपाय म्हणजे वजनाला हलका, १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेला, ९ व्होल्टचा आजच्या पद्धतीचा अडॅप्टर. घरातली वीज खालीवर झाली तरी तो ९ च देतो. फक्त मघाशी सांगितलेलं मध्यभागी मायनसचं बघून घ्या. तसा तयार मिळाला नाही तर दुरुस्तीवाल्याकडून पिनच्या दोन वायरी उलट करून घ्या आणि त्या अडॅप्टरवर ठळक चिठ्ठी चिकटवा, नाहीतर उद्या कुणीतरी तो परत राउटरला लावेल.

जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या एलिमिनेटरला मीटर लावलं आणि ९ च्या जागी बारा-तेरा व्होल्ट दिसले तर घाबरू नका. काही जोडलेलं नसताना तो तेवढे दाखवतोच. गेम जोडला की आकडा खाली येतो.

आणखी एक. अमेरिकेतून किंवा जपानहून कुणी नातेवाइकांनी आणलेला गेम असेल तर तो ११० किंवा १०० व्होल्टचा असतो. त्याला नुसता पिन बदलणारा सॉकेट पुरत नाही. २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. मागच्या पट्टीवर व्होल्ट लिहिलेले असतात. ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

वायर जोडण्याआधी बटण बंद

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि गेम, तिन्हींची भिंतीवरची बटणं बंद करा आणि मगच पिना लावा. पिनेच्या लोखंडी कडेला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना असतो. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून थोडासा करंट बाहेर झिरपतो, आणि जोडणीतल्या एखाद्या वस्तूला तीन पिना आणि चांगलं अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाच कोरडाठाक पडलेला असतो, मग तो करंट पिनेवर बसून राहतो. माणसाला त्याचा त्रास थोडा. पण चालू गेमच्या आणि टीव्हीच्या इनपुटमधून तो गेला तर आतली चिप जाऊ शकते. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी टाका. झटका जोराचा लागत असेल तर वायरमनला बोलवा, गेम लावू नका.

आता गेमची पाठ आणि बाजू बघा. दोन प्रकारच्या जागा असतात. पिवळं आणि पांढरं (किंवा लाल) गोल भोक म्हणजे एव्ही: पिवळ्यातून चित्र, दुसऱ्यातून आवाज. एकटंच वेगळं भोक, ज्यावर आरएफ लिहिलेलं असतं, ते अँटेनाच्या भोकात जाणाऱ्या वायरीचं. एव्ही असेल तर एव्हीच वापरा, चित्र खूप स्वच्छ येतं. आरएफ फक्त पर्याय नसेल तेव्हा.

टीव्हीला एव्हीचा एकच संच असेल आणि तिथं फ्री डिशच्या बॉक्सच्या तीन पिना लागलेल्या असतील, तर खेळताना त्या काढून गेमच्या लावाव्या लागतात. रोज काढघाल केली की भोकं सैल होतात. त्यापेक्षा बटण दाबून इनपुट बदलणारा एव्ही स्विच घ्या. काही डब्बा टीव्हींना पुढं झाकणाखाली आणि मागे, अशी दोन ठिकाणी एव्हीची भोकं असतात. बऱ्याच टीव्हींत ती आतून एकच असतात. तिथं दोन्हीकडे दोन वस्तू लावल्या तर चित्रावर चित्र चढतं.

कॅसेटवाल्या गेमचा आवाज एकाच वायरीतून येतो. ती पिन टीव्हीच्या पांढऱ्या भोकात लावा. एकाच स्पीकरमधून आवाज आला तर एका पिनेच्या दोन करणारी छोटी वायर मिळते, ती लावून पांढरं आणि लाल दोन्ही भरा.

एलईडी टीव्हीवर भोकंच सापडत नाहीत

मागे तीन रंगांची भोकं नसली म्हणजे एव्ही नाही, असं नाही. अनेक एलईडी टीव्हींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, त्यावर एव्ही इन लिहिलेलं असतं. त्याची एक वीतभर वायर टीव्हीच्या खोक्यात आलेली असते: एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला पिवळं-पांढरं-लाल भोक. ती हरवली असेल तर बाजारातून कुठलीही उचलू नका. या बारीक पिनेवर चार कड्या असतात आणि कोणत्या कडीतून चित्र, कोणत्या कडीतून आवाज, हे कंपनीनुसार बदलतं. चुकीची वायर लागली की गुणगुण ऐकू येते आणि चित्र काळं राहतं. टीव्हीच्या कंपनीचं नाव सांगून वायर मागा.

काही टीव्हींना हिरवं, निळं, लाल अशी कंपोनंटची भोकं असतात आणि पिवळं नसतं. हिरव्यावर बारीक अक्षरात व्हिडिओ असंही लिहिलं असेल तर पिवळी पिन त्या हिरव्यातच लावायची. मग मेनूत इनपुट एव्ही निवडायचं. कंपोनंट निवडलं तर चित्र काळं-पांढरं दिसतं.

आणि नुसतं एचडीएमआय असेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी घ्यावी लागते. संभाजीनगरच्या पैठण गेट भागात, लातूरच्या गंजगोलाईभोवती, नांदेडच्या वजिराबादेत विचारलंत तर ती मिळावी. काही शे रुपयांत होणारं काम आहे. घेताना एक गोष्ट ठामपणे विचारा: एव्ही आत आणि एचडीएमआय बाहेर, असंच आहे ना? उलट काम करणारी डबी दिसायला हुबेहूब तशीच असते, आणि एका दिशेची डबी दुसऱ्या दिशेनं काम करत नाही. डबीवर एव्ही आधी आणि एचडीएमआय नंतर लिहिलेलं हवं. तिला यूएसबीतून वीज द्यावी लागते. टीव्हीच्या यूएसबीपेक्षा मोबाइलच्या चार्जरवर लावा, वीज पुरेशी मिळते. गेम बंद ठेवून आधी नुसती डबीच टीव्हीला जोडा. अनेक डब्या अशा वेळी निळा पडदा दाखवतात. निळा पडदा आला म्हणजे डबी ते टीव्ही हा भाग ठीक आहे, आता शोध डबीच्या अलीकडे घ्यायचा.

टीव्हीचा मेनू: चित्र आलं, आवाज नाही

आता बटणं सुरू करा, गेममध्ये कॅसेट घाला आणि रिमोटवर सोर्स किंवा एव्हीचं बटण दाबून बरोबर इनपुट निवडा. डब्बा टीव्हीचा मूळ रिमोट हरवलेला असेल तर टीव्हीच्या अंगावरच्या बटणानं चॅनल शून्याच्या खाली नेऊन बघा; बऱ्याच टीव्हींत एव्ही तिथं असतं.

चित्र काळं-पांढरं असेल किंवा वरखाली पळत असेल तर मेनूत कलर सिस्टिम शोधा. भारतात पाल पद्धत चालते, सेकंदाला ५० वेळा चित्र. जपान-अमेरिकेत एनटीएससी, ६० वेळा. ऑटो ठेवा, तरी रंग आले नाहीत तर एकेक पद्धत हातानं निवडून बघा.

आरएफनं जोडलं असेल तर चॅनल शोधावा लागतो. आधी गेम चालू करा, चित्र चालू राहू द्या आणि मगच टीव्हीचं सर्च लावा. गेम बंद असेल तर टीव्हीला सापडायला काहीच नसतं. एलईडी टीव्हीत अ‍ॅनालॉग सर्च निवडायचं, डिजिटल नाही. गेमवर चॅनलचं छोटं बटण असेल तर एका बाजूला ठेवून सर्च करा, नाही सापडलं तर दुसऱ्या बाजूला ठेवून परत करा.

यानंतर येते ती अडचण, जिथं बहुतेक जण हात टेकतात: चित्र छान, पण आवाजाऐवजी फसफस. याचं कारण गेममध्ये नाही. अँटेनाच्या वायरीतून चित्र आणि आवाज वेगवेगळ्या लहरींवर येतात आणि त्यांच्यातलं अंतर देशागणिक वेगळं असतं. आपल्याकडे ते ५.५ मेगाहर्ट्झ, चीनमध्ये ६.५, हाँगकाँगमध्ये ६. चीनसाठी बनलेला गेम असेल तर तो आवाज आपल्या टीव्हीच्या नेहमीच्या जागी नसतोच. मेनूत चॅनलच्या ट्यूनिंगमध्ये साउंड सिस्टिम शोधा. तिथं बीजी लिहिलेलं असेल. ते डीके करा, नाहीतर आय. आवाज येतो.

प्लेस्टेशन

दोन्ही प्लेस्टेशनच्या एव्ही वायरीला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना असतात आणि एकाची वायर दुसऱ्याला चालते. जाड्या प्लेस्टेशन २ च्या मागे एक मुख्य स्विच असतो. तो चालू केला की पुढं लाल लाईट लागते आणि बटण दाबलं की हिरवी होते. मागचा स्विच विसरून मशीन मेलं म्हणणारे बरेच असतात. बारक्या प्लेस्टेशन २ पैकी बहुतेकांना ८.५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. त्याच्या जागी लॅपटॉपचा लावू नका.

टीव्हीला कंपोनंटची भोकं असतील तर पाच पिनांची वायर घेणं नक्की परवडतं. अक्षरं आणि चेहरे ठसठशीत दिसतात. त्या वायरीत दोन लाल पिना असतात: एक चित्राची, निळ्या-हिरव्याबरोबर बांधलेली, दुसरी आवाजाची, पांढऱ्याबरोबर. त्यांची अदलाबदल झाली की रंग विचित्र दिसतात आणि एका बाजूचा आवाज जातो. आधी साध्या पिवळ्या पिनेनं जोडून, डिस्क न घालता मशीन चालू करा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट आहे. ते आरजीबीवरून वाय सीबी/पीबी वर आणा आणि मग वायर बदला. हे न करता थेट पाच पिना लावल्या तर रंग बिघडून येतात. पहिल्या प्लेस्टेशनची डिस्क कंपोनंटवर लावली आणि टीव्ही सिग्नल नाही म्हणाला, तर तो त्या टीव्हीचा स्वभाव आहे. ते गेम २४० ओळींचं चित्र पाठवतात आणि कित्येक एलईडी टीव्ही कंपोनंटवर ते घेत नाहीत. त्या डिस्कसाठी पिवळी पिनच बरी.

चित्र आलं, आता टीव्हीला आवरा

नवा टीव्ही आलेलं चित्र सुधारायला बघतो. कडा गुळगुळीत करतो, हालचाल तलम करतो, आणि हे करायला त्याला वेळ लागतो. मग उडीचं बटण दाबलं की मारिओ क्षणभर उशिरा उडतो आणि खड्ड्यात जातो. लहानपणी सहज जमायचं ते आता जमत नाही, असं वाटतं. हात तोच असतो, टीव्ही उशीर करत असतो. मेनूत गेम मोड असेल तर तो सुरू करा. नसेल तर नॉइज रिडक्शन, मोशन आणि शार्पनेसशी संबंधित सगळ्या सुधारणा बंद करा. एचडीएमआयच्या डबीतूनही थोडा उशीर होतो, म्हणून टीव्हीवर एव्हीचं भोक असेल तर डबी टाळावी असं माझं मत आहे.

चित्राचा आकार १६:९ वरून ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या येऊ द्या. चेंडू गोल दिसला पाहिजे, लंबगोल नाही.

कॅसेट लागत नाही तेव्हा

पडदा एकाच रंगाचा दिसतो किंवा चौकोनांचा कचरा येतो. फुंकर मारू नका. फुंकरीतली ओल पिनांवर बसते आणि त्या हळूहळू गंजतात. फुंकल्यावर चालतं ते कॅसेट काढून परत घातल्यामुळे पिना घासल्या जातात म्हणून. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानाच्या काडीचा कापूस भिजवून पिना पुसा, कापूस काळा येईनासा होईपर्यंत. वाळू द्या, मग लावा. सॅन्डपेपर कधीच नाही. पिनेवरचा मुलामा निघतो आणि कॅसेट कायमची जाते. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडे शिरते, तेव्हा खेळून झाल्यावर कॅसेटच्या भोकावर कापड टाकून ठेवा.

जॉयस्टिकचं एखादं बटण दाबलं जात नसेल तर मागचे स्क्रू काढून आतलं काळं रबर आणि हिरव्या पट्टीवरचे काळे ठिपके याच अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसा.

मे-जूनमध्ये वळवाचे ढग दाटले, वीज चमकू लागली की खेळ थांबवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. गेमची, टीव्हीची आणि छतावरच्या छत्रीची वायर काढूनच ठेवा.

घरात डब्बा टीव्ही अजून असेल तर

तो भंगारात देऊ नका. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना होता, त्यामुळे आपल्या भागात असे टीव्ही घरोघर होते आणि ते दुरुस्त करणारे हातही अजून आहेत. जुन्या गेमसाठी याहून चांगला पडदा नाही: उशीर नाही, डबी नाही, मेनूशी झुंज नाही. एका कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग दिसला तर जवळचा स्पीकर लांब करा, टीव्ही मुख्य बटणावरून वीस मिनिटं बंद ठेवून परत लावा. सुरू होताना तो स्वतःच पडद्यावरचं चुंबकत्व काढतो. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला २० हजारांहून जास्त व्होल्ट जातात आणि टीव्ही बंद केल्यावरही ते ट्यूबमध्ये राहू शकतात.

गेमबरोबर आलेली बंदूक असेल तर तीही याच टीव्हीवर चालेल, एलईडीवर नाही. बदकं टिपायच्या गेममध्ये ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड नेमक्या त्याच क्षणी शोधतो. डब्बा टीव्ही सेकंदाला १५ हजारांहून जास्त ओळी एकामागून एक रेखतो आणि बंदूक त्याच वेगाच्या उजेडासाठी बनलेली आहे. एलईडीचा उजेड तसा नसतो आणि तो उशिराही येतो, त्यामुळे नेम बरोबर असला तरी बदक उडून जातं. गेम मोड लावून किंवा डबी बदलून यात फरक पडत नाही.